चित्रांवरून उभे राहिलेले नगर

पोलंड देशाची राजधानी जी वॉर्सा, तिच्या जुन्या पेठेत एक मोठा चौक आहे. चौकाच्या चारही बाजूंस तीन-तीन, चार-चार मजल्यांची अरुंद घरे एकमेकांस खेटून उभी आहेत. कोणाचा रंग पिवळसर, कोणाचा गेरूसारखा, कोणाचा फिकट हिरवा. लाल कौलांची उतरती छपरे, दारांवर कोरीव दगडी महिरपी, भिंतींवर रंगवलेली चित्रे आणि चौकाच्या मध्यभागी हातांत तलवार व ढाल घेतलेली जलपरी, असा हा देखावा आहे. ही जलपरी म्हणजे वॉर्सा नगरीचे चिन्ह होय. परदेशातून आलेला प्रवासी हे सारे पाहून सहज म्हणतो, की ही घरे दोन-तीनशे वर्षांपूर्वीची असावीत. घरांची घडण पाहता त्याचे म्हणणे चुकीचे नाही. परंतु त्यांचे वय पाहता ते साफ चुकते. हा चौक बांधून पुरा झाला तो १९५३ सालच्या जुलै महिन्यात. त्यापूर्वी काही वर्षे ह्या जागी भग्न भिंती आणि विटामातीचे ढिगारे ह्यांवाचून दुसरे काही नव्हते.

समूळ उद्ध्वस्त झालेले नगर पुन्हा पूर्वीसारखे उभे करणे हे सोपे काम नव्हे. पैसा, माणसे आणि दगडविटा मिळाल्या तरी एक प्रश्न उरतोच: नगर पूर्वी होते तरी कसे? कोणत्या घराला किती खिडक्या होत्या, कोणत्या दाराची कमान गोल होती आणि कोणत्या दाराची टोकदार, हे कोणाच्या स्मरणात राहते? आपल्या स्वतःच्या घराच्या दर्शनी भिंतीची उंची किती, असे विचारले तर किती जणांस सांगता येईल? वॉर्साच्या लोकांना ह्या प्रश्नाचे उत्तर सापडले ते राजवाड्यातील चित्रांत, विद्यार्थ्यांनी काढलेल्या नकाशांत आणि संग्रहालयांच्या सेवकांनी जीव धोक्यात घालून लपवलेल्या कागदांत.

वॉर्सा हे व्हिस्चुला नदीच्या काठचे नगर. पोलंडची पूर्वीची राजधानी दक्षिणेस क्राकूव येथे होती. राजा तिसरा झिग्मुंट ह्याने इ. स. १५९६ मध्ये आपला दरबार तेथून वॉर्साकडे आणला, आणि नदीकाठच्या उंचवट्यावरील वाडा राजाच्या निवासासाठी वाढवून भव्य केला. झिग्मुंटच्या मुलाने आपल्या पित्याच्या स्मरणार्थ १६४४ साली वाड्यासमोर एक उंच स्तंभ उभारला. स्तंभावरील राजाच्या एका हातात क्रूस व दुसऱ्या हातात तलवार आहे. ह्या स्तंभाचे पुढे काय झाले ते यथाक्रम येईलच.

पोलंडचा अखेरचा राजा स्तानिस्वाव पोनियातोव्स्की हा १७६४ साली गादीवर आला. हा राजा कलांचा मोठा भोक्ता होता. राज्य सांभाळण्यात त्याला यश आले नाही. पण चित्रकार, शिल्पकार व ग्रंथकार ह्यांना त्याने जो आश्रय दिला, त्याबद्दल त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्याच्या दरबारी व्हेनिस नगरातील एक चित्रकार आला. त्याचे नाव बेर्नार्दो बेलोत्तो. त्याचा मामा कानालेत्तो ह्या नावाने विख्यात होता आणि नगरदृश्ये रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. भाच्यानेही तीच विद्या शिकून मामाचेच नाव लावले. राजाच्या आज्ञेवरून बेलोत्तोने वॉर्साची सव्वीस मोठी दृश्ये रंगवली. रस्ते, चर्च, सरदारांचे वाडे, बाजारात आलेले शेतकरी, घोडागाड्या, भिकारी, कुत्री, सारे काही त्या चित्रांत आले आहे. १७८० साली तो वॉर्सातच मरण पावला.

बेलोत्तोच्या चित्रांत विलक्षण बारकावा आहे. एखाद्या वाड्याच्या खिडक्या मोजाव्यात आणि त्या बरोबर भराव्यात, इतका तो बारकावा! ह्याचे एक कारण त्याच्या साधनात आहे. दुपारच्या वेळी अंधाऱ्या खोलीच्या खिडकीच्या फळीला बारीक छिद्र असेल, तर बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडलेली कित्येकांनी पाहिली असेल. ह्याच तत्त्वावर एक काळी पेटी तयार करीत. छिद्राच्या जागी भिंग बसवले आणि आत आरसा ठेवला, की समोरच्या रस्त्याची प्रतिमा कागदावर पडे. चित्रकाराने तिच्या रेषा गिरवल्या की इमारतींची प्रमाणे चुकण्याची भीती फारशी राहत नसे. पुढे ह्याच पेटीत कागदाऐवजी रसायन लावलेली पट्टी आली आणि छायाचित्रणाचा जन्म झाला. बेलोत्तो हा छायाचित्रणाच्या युगापूर्वीचा; परंतु त्याची चित्रे पाहताना ते विसरायला होते.

पोनियातोव्स्की राजाच्या हयातीतच पोलंडवर संकट कोसळले. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्या शेजारच्या तीन बलाढ्य राज्यांनी १७७२, १७९३ व १७९५ ह्या तीन खेपांस पोलंड आपसांत वाटून घेतला. त्यानंतर १२३ वर्षे, म्हणजे १९१८ पर्यंत, युरोपच्या नकाशावर पोलंड नावाचा स्वतंत्र देश नव्हता. बेलोत्तोची चित्रेही ह्या काळात रशियाला गेली आणि देश स्वतंत्र झाल्यावरच परतली. चित्रांचा हा वनवास अखेरचा नव्हता.

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. १७ सप्टेंबर रोजी वॉर्साच्या राजवाड्यावर तोफगोळ्यांचा मारा होऊन छपराला आग लागली. मनोऱ्यावरचे मोठे घड्याळ सव्वाअकरा वाजता बंद पडले. त्या आगीतून चित्रे, मूर्ती व सामान बाहेर काढताना वाड्याच्या संग्रहाचे रक्षक काझिमिएश ब्रोक्ल मारले गेले. राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्वाव लोरेन्ट्स ह्यांनी हे काम पुढे चालवले. नगर जर्मनांच्या हाती गेल्यावर वाड्याच्या भिंतींत सुरुंगासाठी हजारो भोके पाडण्यात आली. वाडा आज ना उद्या उडवला जाणार हे लोरेन्ट्स ह्यांनी ओळखले. मग त्यांच्या माणसांनी वाड्यातील कोरीव दारे, संगमरवरी चौकटी, जमिनीच्या नक्षीदार फळ्या, भिंतींवरच्या नक्षीचे तुकडे असे जे जे निघेल ते काढून संग्रहालयात नेऊन ठेवले. दाराची मोडकी चौकट किंवा गिलाव्याचा एक तुकडा ह्यांसाठी माणसाने जीव धोक्यात का घालावा, असे कोणालाही वाटेल. तो तुकडा हातात असला तर उरलेली नक्षी पुन्हा करता येते, हे त्या माणसांना ठाऊक होते. बेलोत्तोची चित्रे मात्र जर्मनांनी नेली; ती युद्ध संपल्यावर परत मिळाली.

ह्याच सुमारास आणखी एक काम गुप्तपणे चालले होते. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात वास्तुशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना अभ्यास म्हणून जुन्या इमारतींची मापे घेऊन त्यांचे आराखडे काढावे लागत. युद्धापूर्वी कित्येक वर्षे हा परिपाठ होता. विद्यार्थी शिडी व मोजपट्टी घेऊन पेठेत जात, एकेका दाराची, खिडकीची, जिन्याची मापे घेत आणि कागदावर रेखाटत. ह्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या अभ्यासाचे मोल पुढे काय होणार आहे, ह्याची त्यांच्यापैकी कोणालाच कल्पना नसावी. परकी अंमल सुरू झाल्यावर पोलिश विद्यापीठे बंद करण्यात आली. तरीही प्राध्यापक यान झाखवातोविच व त्यांचे सहकारी ह्यांनी मोजणीचे काम चोरून चालू ठेवले. १९४४ मध्ये नगराचा विध्वंस सुरू झाला, तेव्हा ह्या आराखड्यांची भेंडोळी नगराबाहेर नेऊन पिओत्रकूव ह्या गावच्या मठात लपवण्यात आली.

तो विध्वंस कसा घडला हे सांगितले पाहिजे. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या जनतेने जर्मनांविरुद्ध उठाव केला. हा लढा ६३ दिवस चालला. २ ऑक्टोबरला उठाव करणाऱ्यांना शरण जावे लागले. तोपर्यंत दीड लाखांहून अधिक नागरिक प्राणांस मुकले होते. उरलेल्या सर्वांना नगराबाहेर हाकलून देण्यात आले. लढाईत इमारती पडतात; परंतु वॉर्साची पुष्कळशी हानी लढाई थांबल्यानंतर झाली. रिकाम्या नगरात जर्मन तुकड्या रस्त्यारस्त्याने फिरू लागल्या. एक तुकडी घरांना आगी लावी, दुसरी उरलेल्या भिंतींत सुरुंग ठेवी. राजवाडा उठाव चालू असतानाच सप्टेंबर महिन्यात उडवला गेला. झिग्मुंट राजाचा स्तंभ तोफगोळ्याने कोसळला. ग्रंथालयेही सुटली नाहीत. क्रासिन्स्की ग्रंथालयातील दुर्मिळ हस्तलिखितांचा मोठा साठा ऑक्टोबरमध्ये मुद्दाम जाळण्यात आला. हिटलरला हे नगर नकाशावरूनच पुसून टाकावयाचे होते. जानेवारी १९४५ मध्ये जर्मन सैन्य निघून गेले, तेव्हा वॉर्साच्या शंभर इमारतींपैकी सुमारे पंच्याऐंशी नष्ट झाल्या होत्या.

लोक परतले ते कडाक्याच्या थंडीत आणि बर्फात. कित्येकांना आपली गल्लीसुद्धा ओळखता आली नाही. राजधानी दुसऱ्या नगरास न्यावी, असाही विचार काहींनी मांडला. परंतु माणसे येतच राहिली आणि पडक्या तळघरांतून चुली पेटू लागल्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये, म्हणजे युद्ध अद्याप संपले नसतानाच, राजधानीच्या पुनर्रचनेसाठी एक कचेरी स्थापन झाली. सैनिकांनी आधी ढिगाऱ्यांतून पेरलेले सुरुंग काढले. त्यानंतर फावडी, घमेली व ढकलगाड्या घेऊन नागरिक पुढे आले. धड असलेली वीट निराळी काढून ठेवण्यात आली. फुटक्या विटांचा चुरा करून सिमेंटमध्ये मिसळून त्याचे ठोकळे पाडले आणि नव्या भिंतींस वापरले. कोरीव दगडाचा लहानसा तुकडा सापडला, तरी तो कोणत्या घराचा हे आराखड्यावरून शोधले जाई. जुन्या पेठेच्या वेशीवर बुरुजाची जी गोल तटबंदी आहे, तिच्यासाठी जुन्या घडणीच्या विटा हव्या होत्या. त्या अन्य गावांत पाडलेल्या प्राचीन इमारतींतून आणवल्या. जो राडारोडा कशाच्याच उपयोगी पडला नाही, त्याची नगराच्या दक्षिणेस एक टेकडी रचली आहे. तिच्यावर आता झाडे वाढली असून उठावाच्या स्मरणदिनी तेथे अग्नी पेटवतात.

नगर जसेच्या तसे बांधावे की नाही, ह्याविषयी जाणत्यांत एकमत नव्हते. प्राचीन वास्तूंचे जतन करणाऱ्या विद्वानांचा त्या काळी असा दंडक होता, की पडलेली इमारत पडकी म्हणूनच राखावी. तिच्या जागी हुबेहूब नवी बांधली तर ते एक प्रकारचे असत्यच होय. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. झाखवातोविच स्वतः त्याच विद्येचे अध्यापक होते आणि हा दंडक त्यांना मान्यही होता. परंतु, त्यांचे म्हणणे असे, की काळाच्या ओघात जीर्ण होऊन पडलेली वास्तू वेगळी, आणि एका राष्ट्राची ओळख पुसण्यासाठी मुद्दाम पाडलेली वास्तू वेगळी. दुसऱ्या बाबतीत जुना नियम धरून बसणे म्हणजे पाडणाऱ्याचा हेतू सिद्धीस नेणे होय. अखेर त्यांचे मत मान्य झाले.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. संपूर्ण वॉर्सा नगर बेलोत्तोच्या चित्रांवरून बांधले, असे पुष्कळदा सांगितले जाते. गोष्ट म्हणून ते ऐकावयास गोड लागते. पण वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. जुन्या पेठेच्या चौकातील घरे मुख्यत्वे विद्यार्थ्यांच्या आराखड्यांवरून व जुन्या छायाचित्रांवरून उभी राहिली. बेलोत्तोची चित्रे उपयोगी पडली ती विशेषतः राजवाड्यापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या राजमार्गावरील वाड्यांसाठी व चर्चसाठी. शिवाय बेलोत्तो हा चित्रकार होता, मोजणीदार नव्हे. चित्र शोभिवंत व्हावे म्हणून तो मधूनच एखाद्या इमारतीच्या रूपात फेरफार करी. त्याचा हा फेरफार पुनर्रचना करणाऱ्यांनी काही ठिकाणी जसाच्या तसा उचलला. त्यामुळे प्रत्यक्षात कधीच नव्हता असा एखादा तपशील चित्रातून उतरून रस्त्यावर आला आहे!

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बांधणाऱ्यांनी १९३९ सालची वॉर्सा पुन्हा उभी केली नाही. एकोणिसाव्या शतकात घरांवर चढवलेले जादा मजले व दर्शनी भागांतील बदल त्यांनी गाळले आणि त्याहून जुने रूप पत्करले. संत योहानाच्या मोठ्या चर्चची दर्शनी बाजू युद्धापूर्वी एका धाटणीची होती. ती आता लाल विटांच्या प्राचीन धाटणीची केली आहे. घरांच्या मागे पूर्वी अंधाऱ्या, कोंदट खोल्यांची दाटी असे. ती पुन्हा बांधली नाही. तेथे मोकळी अंगणे ठेवली. बाहेरून घर दोनशे वर्षांपूर्वीचे आणि आतून विसाव्या शतकातील गृहस्थास राहण्याजोगे, अशी ही योजना होती. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेने १९८० साली ह्या पेठेचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तो मुख्यत्वे पुनर्रचनेच्या ह्या कार्यासाठी. पुनर्रचना-कचेरीचे कागद व नकाशे ह्यांनाही २०११ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतिसंचितात स्थान दिले. इतके असूनही हे खरे की खोटे, हा वाद मिटलेला नाही, आणि तो मिटावा असेही काही नाही.

राजवाड्याला मात्र पुष्कळ वाट पाहावी लागली. तो पुन्हा बांधण्याचा निर्णय १९७१ मध्ये झाला. देशातील व परदेशांतील पोलिश लोकांनी त्यासाठी वर्गणी दिली. लोरेन्ट्स त्या वेळीही कामात अग्रभागी होते. १९३९ साली जपून ठेवलेल्या चौकटी, दारे, नक्षीचे तुकडे आता आपापल्या जागी परत बसले, आणि उणा भाग त्यांच्या आधाराने कारागिरांनी पुरा केला. १९ जुलै १९७४ रोजी मनोऱ्यावरचे घड्याळ सुरू करण्यात आले, तेव्हा त्याची वेळ सव्वाअकराची होती. १९८४ पासून वाडा संग्रहालय म्हणून सर्वांस खुला आहे. त्यातील एका दालनात बेलोत्तोच्या चित्रांपैकी बावीस आज पाहावयास मिळतात. पाहुण्यांनी ती पाहून राजमार्गाने चालत जावे. रस्त्यावर ठिकठिकाणी त्या चित्रांच्या प्रतिकृती मांडलेल्या आहेत. प्रतिकृतीतील वाडा आणि समोरचा वाडा ताडून पाहण्यात लहानथोरांचा वेळ मोठ्या मजेत जातो. वाड्यासमोर झिग्मुंटचा स्तंभ १९४९ साली पुन्हा उभा राहिला. राजाची मूळ मूर्ती पडूनही वाचली होती, तीच वर चढवली आहे. स्तंभाचा दांडा मात्र नवा आहे. जुन्या दांड्याचे तुटलेले खंड वाड्याशेजारी हिरवळीवर तसेच ठेवले आहेत आणि मुले त्यांवर खुशाल चढतात.

पेठेच्या चौकातील अकरा घरे आतून जोडून त्यांत वॉर्सा नगराचे संग्रहालय केले आहे. राष्ट्रीय संग्रहालय तेथून दक्षिणेस आहे. त्यातील एक चित्र इतके प्रचंड आहे, की ते पाहण्यास चांगलेच मागे सरकावे लागते. यान मातेय्को ह्या चित्रकाराने १८७८ साली पूर्ण केलेले हे ग्रुन्वाल्डच्या लढाईचे चित्र सुमारे दहा मीटर लांब व सव्वाचार मीटर उंच आहे. १४१० साली पोलंड व लिथुआनिया ह्यांच्या सैन्याने जर्मन धर्मयोद्ध्यांचा पराभव केला, तो ह्या चित्राचा विषय. अर्थात नाझींना हे चित्र डोळ्यांपुढे नको होते. त्यांनी त्याचा कसून शोध केला आणि पत्ता सांगणाऱ्यास मोठे बक्षीस जाहीर केले. चित्र गुंडाळी करून लुब्लिन येथे नेलेले होते व पुढे तेथेच जमिनीखाली दडवले होते. ज्यांना ठाऊक होते त्यांनी तोंड उघडले नाही.

त्याच संग्रहालयात आफ्रिकेतील सुदान देशातून आलेली साठांहून अधिक भित्तिचित्रे आहेत. नाईल नदीवर आस्वान येथे मोठे धरण बांधण्यात आले, तेव्हा अनेक प्राचीन स्थळे पाण्याखाली जाणार होती. फरस येथील वाळूत गाडले गेलेले एक प्राचीन चर्च त्यांपैकीच होते. प्राध्यापक काझिमिएश मिखावोव्स्की ह्यांच्या पथकाने १९६१ ते १९६४ ह्या काळात ते खणून काढले आणि भिंतींवरची चित्रे अलगद सोडवली. काही चित्रे सुदानच्या खार्टूम येथील संग्रहालयाकडे राहिली, काही वॉर्साला आली. मोठ्या डोळ्यांच्या, शांत मुद्रेच्या ह्या आकृती मंद प्रकाशात पाहताना पाहणारा आपोआप हळू बोलू लागतो.

वॉर्साच्या एका भागाची मात्र पुनर्रचना झाली नाही; होणे शक्यही नव्हते. युद्धापूर्वी नगराच्या तेरा लाख वस्तीत जवळजवळ तिसरा हिस्सा ज्यू लोकांचा होता. नाझींनी १९४० मध्ये नगराचा एक भाग भिंतीने कोंडून त्यात चार लाखांहून अधिक ज्यूंना डांबले. भूक व रोगराई ह्यांनी हजारो मेले. १९४२ च्या उन्हाळ्यात अडीच लाखांहून अधिक माणसांना आगगाडीत भरून त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत धाडण्यात आले. एप्रिल १९४३ मध्ये उरलेल्यांनी शस्त्र उचलले. तो उठाव चिरडल्यावर तेथील घरे एकूणएक जाळण्यात व पाडण्यात आली.

त्या कोंडवाड्यात इमानुएल रिंगेलब्लुम नावाचे एक इतिहासकार होते. आपल्यामागे आपली हकीकत सांगण्यास कोणी उरणार नाही हे जाणून त्यांनी मित्रांच्या साहाय्याने एक गुप्त संग्रह सुरू केला. रोजनिशा, पत्रे, शिधापत्रिका, भिंतींवरचे हुकूम, शाळकरी मुलांचे निबंध, इतकेच काय पण गोळ्यांवरचे कागदही त्यांनी जमवले. मग ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दूधवाल्यांच्या मोठ्या किटल्यांत भरून जमिनीत पुरले. रिंगेलब्लुम १९४४ मध्ये मारले गेले. १९४६ साली ढिगाऱ्याखालून पेट्या निघाल्या. त्यांत पाणी शिरले होते. एकेक ओले पान सोडवून वाळवावे लागले. १९५० मध्ये दोन किटल्या सापडल्या. त्यांतले कागद पुष्कळसे शाबूत होते. पुरलेला तिसरा भाग अद्याप मिळालेला नाही. मिळालेली सुमारे पस्तीस हजार पाने वॉर्सातील ज्यू इतिहास संस्थेत जतन केलेली आहेत. जेथे कोंडवाडा होता त्या जागी २०१३ साली पोलिन ह्या नावाचे संग्रहालय उघडले आणि पुढल्या वर्षी त्यातील मुख्य प्रदर्शन सुरू झाले. फिनलंडच्या राइनर माह्लामाकी ह्या वास्तुशिल्पकाराने त्याची रचना केली आहे. बाहेरून काचेची साधी चौकोनी इमारत दिसते. आत शिरताच दोन्ही बाजूंस लाटांसारख्या वळणाच्या उंच भिंती लागतात. पोलंडमधील ज्यूंच्या सुमारे हजार वर्षांच्या जीवनाचा वृत्तांत येथे मांडलेला आहे.

१९४४ च्या उठावाचेही एक संग्रहालय आहे. ट्रामगाड्यांना वीज पुरवणाऱ्या जुन्या केंद्रात ते २००४ मध्ये उघडले. नगराच्या मध्यभागी २३७ मीटर उंचीचा संस्कृतिप्रासाद आहे; तो सोव्हिएत रशियाने भेट म्हणून १९५५ मध्ये बांधून दिला. वॉर्साच्या लोकांचे ह्या भेटीवर एकमत कधीच झाले नाही. काहींना तो परक्या सत्तेची आठवण म्हणून डोळ्यांत खुपतो, काहींना तो आता आपलाच वाटतो.

ह्या नगरीत कोल्हापूरच्या नावाचे एक स्मारक आहे, हे वाचून महाराष्ट्रातील वाचकांस नवल वाटेल. १९३९ मध्ये पोलंडचा पूर्वेकडील भाग सोव्हिएत रशियाने व्यापला आणि तेथील असंख्य कुटुंबांना सैबेरियासारख्या दूरच्या प्रदेशांत हद्दपार केले. त्यांपैकी काही जण पुढे इराणमार्गे हिंदुस्थानात आले. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. त्या वसाहतीत त्यांच्या शाळा व चर्च होते. युद्धानंतर काही जण पोलंडला गेले, काही इंग्लंड व अन्य देशांत. त्यांच्या कृतज्ञतेची खूण म्हणून हे स्मारक उभे आहे.

पुनर्रचनेचे काम अजूनही सरलेले नाही. राजमार्गापासून जवळच सॅक्सन राजप्रासाद म्हणून एक विस्तीर्ण इमारत होती. तिच्या मध्यभागी खांबांच्या ओळीखाली १९२५ साली एका अनाम सैनिकाची समाधी बांधण्यात आली. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी तो प्रासाद उडवला, तेव्हा समाधीवरच्या तीन कमानी तेवढ्या उभ्या राहिल्या. आजही त्या तशाच तुटक्या कडांनी उभ्या आहेत. तेथे अखंड ज्योत तेवते आणि सैनिक रात्रंदिवस पहारा देतात. प्रासाद पुन्हा बांधावा असा कायदा पोलंडच्या संसदेने २०२१ साली केला. काही लोकांना तो मनापासून हवा आहे. ह्या तीन भग्न कमानी युद्धाची हकीकत अधिक चांगली सांगतात, तेव्हा त्यांना हात लावू नये, असे दुसऱ्या काहींचे म्हणणे आहे. दरम्यान जमीन खणून प्रासादाची जुनी तळघरे उघडी करण्यात आली आहेत, आणि जुनी छायाचित्रे व नकाशे पुन्हा एकदा वास्तुशिल्पकारांच्या मेजावर आले आहेत.